परवान्याचा गांजा
निजामी मराठवाड्याच्या अबकारी इतिहासातील एक प्रकरण

‘अबकारी’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘कारी’ म्हणजे काम किंवा धंदा. मूळ अर्थ दारू गाळण्याचा धंदा असा असला, तरी राज्यकारभाराच्या भाषेत तो पुढे मादक पदार्थांवरील कर, तो वसूल करणारे खाते आणि त्या पदार्थांच्या विक्रीची सरकारमान्य व्यवस्था या तिन्ही अर्थांनी रूढ झाला. दारू, ताडी आणि शिंदी यांच्या अबकारीविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे, कारण दारूबंदीची चळवळ आणि स्वातंत्र्याची चळवळ या दोन्ही अनेक ठिकाणी एकाच वाटेने चालल्या. गांज्याच्या अबकारीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आणि सामान्य वाचकाच्या मनात तर गांजा म्हणजे चोरीचा माल हे समीकरण इतके पक्के बसले आहे की, हा पदार्थ एके काळी सरकारी परवान्याच्या दुकानात, तोळ्याच्या मापाने, उघडपणे विकला जात असे, ही गोष्ट सांगूनही खरी वाटू नये.

कॅनडात, अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि उरुग्वेमध्ये आज प्रौढ व्यक्तीला ओळखपत्र दाखवून परवानाधारक दुकानातून किंवा औषधालयातून ठरावीक वजनाचा गांजा विकत घेता येतो. परदेशातील मराठी कुटुंबांना आणि इथल्या वृत्तपत्रवाचकांना ही अगदी नवी व्यवस्था वाटते. परवाना, कर, जवळ बाळगण्याच्या मालाची मर्यादा आणि दुकानांच्या संख्येवरचे नियंत्रण हे त्या व्यवस्थेचे चार खांब होत. हे चारही खांब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या अबकारी धोरणात स्पष्ट शब्दांत मांडले गेले होते, आणि मुंबई इलाखा व निजामाचे राज्य यांच्या सीमेवर वसलेल्या आजच्या धाराशिव जिल्ह्याने ती व्यवस्था दोन राजवटींच्या दोन वेगळ्या रूपांत अनुभवली होती. लोहारा तालुक्यातील, तेरणेच्या खोऱ्यात वसलेले सास्तूर हे गाव या सीमावर्ती पट्ट्यातलेच. त्या गावाच्या परिसराला मध्यबिंदू मानून या विसरलेल्या व्यापाराचा इतिहास मांडणे, आणि त्या इतिहासातून सरकारच्या महसुलाचे व माणसाच्या हिताचे नाते कसे होते हे पाहणे, हा या प्रकरणाचा हेतू आहे.

एक झाड, तीन पदार्थ

भांगेच्या झाडापासून मुख्यतः तीन मादक पदार्थ तयार होतात आणि कायद्याच्या इतिहासात या तिघांमधला भेद फार महत्त्वाचा ठरला आहे. झाडाची वाळवलेली पाने म्हणजे भांग. ती वाटून, घोटून, दूध, साखर व मसाला घालून प्यायली जाते. मादी झाडाचे राळेने भरलेले फुलोरे म्हणजे गांजा. तो चिलमीत भरून, चिलमीच्या तोंडाशी ओल्या फडक्याची छापी लावून ओढला जातो. झाडावर सुटणारी राळ वेगळी काढून जमवली म्हणजे चरस होते, आणि हा पदार्थ महाराष्ट्रात पिकत नसून उत्तरेकडून, विशेषतः मध्य आशियातील यारकंदच्या बाजूने येत असे. पानांत मादक अंश कमी, फुलोऱ्यात अधिक आणि राळेत सर्वांत अधिक असतो, म्हणून सरकारी नियंत्रणाची कडक-सैल श्रेणीही बहुधा याच क्रमाने लागत गेली.

या झाडाची ओळख या भूमीला प्राचीन काळापासून आहे. अथर्ववेदात भंगा या वनस्पतीचा उल्लेख येतो आणि आयुर्वेदाच्या उत्तरकालीन ग्रंथांत ती ‘विजया’ या नावाने पाचक, वेदनाशामक व निद्राकारक म्हणून सांगितली आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या औषधीविषयक संवादग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने ‘बांग’ या पदार्थासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. हा वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही उपचारासाठी जात असे, त्यामुळे त्याच्या नोंदी कोकण आणि दख्खन या दोन्ही भागांतील चालीरीतींच्या निरीक्षणावर आधारलेल्या आहेत. भूक वाढवणे, झोप आणणे आणि मनाला काळजीतून सोडवणे या कारणांसाठी लोक हा पदार्थ घेतात, असे त्याने नमूद केले.

मराठी समाजाने या पदार्थाकडे एकाच नजरेने कधी पाहिले नाही. गोसावी, बैरागी आणि फकीर यांच्या धुनीभोवती चिलीम फिरत असे व शिवाच्या उपासनेशी जोडलेली म्हणून तिला एक प्रकारची धार्मिक सूट होती. शेतकऱ्याच्या घरी आजारी बैलाच्या औषधातही भांग व गांजा वापरला जाई. याउलट वारकरी परंपरेने माळ घालणाऱ्यावर निर्व्यसनी जीवनाचे बंधन घातले, आणि तुकोबांनी तंबाखूच्या नळीत व भांगेत रमलेल्या कलियुगातल्या तथाकथित संतांवर आपल्या अभंगातून अत्यंत कठोर टीका केली. सरकारचे कायदे येण्यापूर्वी या पदार्थाचे नियंत्रण समाजाच्या या नैतिक धाकातून होत असे. कोणी, केव्हा आणि किती घ्यावे याची मर्यादा पंथ, जात आणि घर ठरवीत असे, आणि ती मोडणाऱ्याला गांजेकस हे नाव कायमचे चिकटत असे.

नगरचे शेत आणि मक्त्याचे दुकान

ब्रिटिश मुंबई इलाख्यात या सामाजिक नियंत्रणावर महसुली नियंत्रणाचा थर चढला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूबरोबरच गांजा, भांग व चरस यांना ‘मादक द्रव्ये’ या संज्ञेखाली आणले आणि त्यांची लागवड, साठवण, वाहतूक व विक्री यांसाठी परवाना आवश्यक केला. इलाख्यातील गांज्याची लागवड मुख्यत्वे अहमदनगर जिल्ह्यात होत असे, तर शेजारच्या मध्य प्रांतात निमाडमधील खांडवा परिसर यासाठी प्रसिद्ध होता.

हे पीक कष्टाचे आणि जाणकारीचे होते. गांजा चांगला व्हायचा तर मादी झाडात बी धरता कामा नये, कारण बी धरले की फुलोऱ्यातली राळ घटते. म्हणून फुलोरा येण्याच्या वेळी शेतातून हिंडून नर झाडे ओळखणे आणि ती उपटून टाकणे हे काम अनुभवी नजरेच्या माणसाकडे सोपवले जात असे. पुढे कापलेले फुलोरे खळ्यावर पसरून वाळवीत आणि पायांनी तुडवून चपटे करीत. याला चपटा गांजा म्हणत, आणि बंगालमध्ये राजशाहीकडील नौगाव परिसरात वळून तयार होणाऱ्या गोल गांज्याहून तो वेगळा होता. फुलोऱ्यापासून सुटलेल्या भुकटीला चूर म्हणत. खळ्यावर उन्हात उभे राहून राळेच्या उग्र वासात हे काम करणाऱ्या मजुरांना आपला माल कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या दराने विकला जातो याच्याशी काही कर्तव्य नव्हते. त्या दराचा निर्णय दूर कुठेतरी लिलावाच्या वेळी होत असे.

विक्रीची पद्धत मक्त्याची होती. मक्ता म्हणजे ठरावीक काळासाठी, ठरावीक रकमेच्या मोबदल्यात सरकारकडून घेतलेला एकाधिकार. किरकोळ विक्रीचा हक्क लिलावाला निघे, सर्वांत मोठी बोली लावणारा मक्तेदार ठरे आणि त्याची दुकाने चालत. या पद्धतीत सरकारला श्रम कमी आणि पैसा नक्की मिळत असला, तरी तिच्यात एक मूलभूत दोष होता. मक्तेदाराने बोलीत ओतलेली रक्कम त्याला मुदत संपण्यापूर्वी वसूल करावी लागे, म्हणून विक्री वाढवण्यातच त्याचे हित असे. व्यसन आटोक्यात ठेवण्याचे काम ज्याच्या दुकानातून व्हायचे, त्याच दुकानाला खप वाढवण्याची निकड लागलेली असे. मद्याच्या बाबतीत हा विरोध महात्मा जोतीराव फुले यांच्या लक्षात आला होता, आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढू लागलेल्या दारूच्या गुत्त्यांना लेखी विरोध नोंदवला होता. गांज्याचे दुकान लहान, गिऱ्हाईक गरीब आणि आवाज दबका असल्यामुळे त्याविरुद्ध असा विरोध फारसा उभा राहिला नाही.

सत्तर प्रश्न आणि अकराशे त्र्याण्णव साक्षी

या व्यापाराची पहिली व्यापक तपासणी लंडनमध्ये विचारल्या गेलेल्या एका प्रश्नातून निघाली. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेत मद्यपानविरोधी सदस्य विल्यम केन यांनी बंगालमधील गांज्याच्या लागवडीविषयी आणि तिच्या सामाजिक व नैतिक परिणामांविषयी चौकशीची मागणी केली. हिंदुस्थान सरकारने ती चौकशी साऱ्या देशासाठी करण्याचे ठरवले व जुलै १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी भांग-गांजा आयोग नेमला. आयोगाच्या इंग्रज सदस्यांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे जिल्हाधिकारी एच. टी. ओमॅनी होते, तर राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तीन हिंदी सदस्य होते.

आयोगाने सत्तर प्रश्नांची यादी देशभर पाठवली, प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या आणि एकूण १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत अधिकारी, वैद्य, जमीनदार, मिशनरी, व्यापारी आणि साधू असे सर्व प्रकारचे लोक होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचे संपादक म्हणून मराठी अभ्यासकांना परिचित असलेले जेम्स कॅम्पबेल यांनी भांगेच्या धार्मिक महत्त्वावर एक स्वतंत्र टिपण आयोगाला सादर केले, आणि भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सन यांनी संस्कृत व हिंदी वाङ्मयातील उल्लेख संकलित करून दिले. एखाद्या मादक पदार्थाविषयी कायदा करण्यापूर्वी शेतापासून देवळापर्यंत आणि दुकानापासून वेड्यांच्या इस्पितळापर्यंत इतक्या धीराने माहिती गोळा केल्याचे उदाहरण त्या काळी जगात दुर्मीळ होते.

या तपासणीतील सर्वांत बोधप्रद भाग वेडाच्या कारणांविषयीचा आहे. गांजा ओढल्याने माणूस वेडा होतो ही समजूत सर्वत्र होती आणि इस्पितळांच्या नोंदी तिला पुरावा म्हणून पुढे केल्या जात. आयोगाने १८९२ या वर्षातील १,३४४ भरती रुग्णांच्या नोंदी मुळापासून तपासल्या. त्यांपैकी २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा व भांग असे कागदोपत्री लिहिलेले होते, परंतु प्रत्येक प्रकरणाची चौकशी केल्यावर ९८ रुग्णांच्या बाबतीतच ते कारण काहीशा खात्रीने मानता येईल, असे आढळले. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला किंवा गावकऱ्याला कारण विचारले जाई, त्याने अंदाजाने गांजा सांगितला की तोच नोंदला जाई आणि वर्षाअखेर त्या अंदाजांची बेरीज होऊन शास्त्रीय आकडा तयार होई. सरकारी तक्त्यातला आकडा आणि वास्तव यांच्यात किती अंतर असू शकते, हे आयोगाने आपल्याच सरकारच्या कागदांवरून दाखवून दिले. त्याचबरोबर, उरलेल्या ९८ माणसांचे दुःख त्या तपासणीने खोटे ठरवले नव्हते, हेही तितकेच लक्षात ठेवले पाहिजे.

ऑगस्ट १८९४ मध्ये आयोगाने आपला अहवाल पूर्ण केला. मर्यादित सेवनाने बहुतेकांना लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवनाने शरीर व मन या दोहोंची हानी होते, आणि संपूर्ण बंदी घातली तर लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याने सुचवलेले उपाय असे: पुरेसा कर बसवावा, परवान्यावाचून लागवड होऊ देऊ नये आणि ती ठरावीक ठिकाणी एकवटावी, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी, आणि एका माणसाला जवळ बाळगता येणाऱ्या मालाचे प्रमाण ठरवून द्यावे. केवळ लिलावाच्या रकमेवर विसंबण्याऐवजी मालाच्या वजनावर थेट शुल्क घ्यावे, हा त्यातील महत्त्वाचा बदल होता, कारण त्यामुळे किंमत वाढून खप आटोक्यात राहण्याची शक्यता निर्माण होत होती. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी बहुमताशी असहमती दर्शवून आपली मते स्वतंत्रपणे जोडली व अधिक कडक धोरणाची बाजू मांडली. ज्या समाजात हा पदार्थ वापरला जात होता त्याच समाजातल्या दोघांनी अहवालाच्या शांत सुराबद्दल काळजी व्यक्त करावी, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

नळदुर्ग ते उस्मानाबाद

आयोगाचा अहवाल जिथे थेट लागू होत नव्हता, अशा मुलखात सास्तूर होते. आजचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर हा भागही निजामाने इंग्रजांकडे सोपवला होता, आणि त्या काळात ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला फिलिप मेडोज टेलर नळदुर्गला राहून इथला कारभार पाहत होता. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे आला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला हलले आणि पुढे मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामाच्या नावावरून शहर व जिल्हा या दोहोंना उस्मानाबाद हे नाव मिळाले, जे २०२३ मध्ये बदलून धाराशिव हे जुने नाव परत आले.

पहिले सालारजंग हे १८५३ ते १८८३ या काळात हैदराबादचे दिवाण होते. त्यांनी जमीनमहसुलाचा ठेका सावकार व तालुकेदारांना देण्याची जुनी पद्धत मोडून जिल्हानिहाय सरकारी वसुली सुरू केली, ही त्यांच्या कारकिर्दीतील मोठी सुधारणा मानली जाते. जमिनीचा ठेका गेला, पण अबकारीचा ठेका राहिला. मराठवाड्याच्या बोलीत ठेक्याला गुत्ता आणि ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात, लिलावाला हर्रास म्हणतात, आणि हे शब्द आजही वाळूच्या व रस्त्याच्या कामांच्या संदर्भात रोजच्या वापरात आहेत. त्यांची मुळे निजामी अबकारीसारख्या व्यवहारांत रुजलेली आहेत. त्यातच राज्याचा मोठा भाग सरकारी खालशाबाहेर, म्हणजे सर्फेखास या निजामाच्या खासगी मुलखात, पायगा सरदारांकडे आणि जहागिरदारांकडे होता, आणि कित्येक जहागिरदारांकडे अबकारीचे हक्कही होते. एकाच परिसरातील शेजारच्या दोन गावांचे अबकारी मालक वेगवेगळे असू शकत होते.

विसाव्या शतकात हैदराबाद राज्याने हा कारभार लेखी कायद्याच्या चौकटीत आणला. १३१६ फसलीचा, म्हणजे सुमारे १९०६-०७ चा, हैदराबाद अबकारी कायदा आणि १३३३ फसलीचा, म्हणजे सुमारे १९२३-२४ चा, मादक द्रव्यांविषयीचा कायदा हे त्यातील प्रमुख होत. फसली हा शेतीच्या हंगामावर आधारलेला महसुली सन असून हैदराबादेत त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे हाती येतो. या कायद्यांनंतर सास्तूरसारख्या गावातील माणसाने गांजा घ्यावा तो परवानेदाराकडूनच, ही राज्याची अपेक्षा होती. तो हाली शिक्क्याच्या म्हणजे निजामी चलनाच्या नाण्यांत पैसे देई, तर सोलापूरच्या बाजारात इंग्रजी कलदार रुपया चाले. सीमेच्या दोन बाजूंना नाणे वेगळे, शुल्क वेगळे आणि म्हणून मालाची किंमतही वेगळी असे.

किमतीतला फरक जिथे असतो तिथे चोरटी वाहतूक होतेच. संस्थानांच्या हद्दीत कमी नियंत्रणात पिकलेला किंवा कमी शुल्काचा माल ब्रिटिश मुलखात शिरतो, ही तक्रार आयोगापुढेही आली होती आणि संस्थानांशी करार करून दोन्हीकडचे नियम जुळवावेत, असा विचार त्यातून पुढे आला. हैदराबाद-सोलापूर मार्गावरील नळदुर्ग हे गाव त्या काळी राज्याच्या सीमेलगतचे ठाणे होते. दर वेगळे असले की कायदेशीर दुकानाच्या पाठीमागे बेकायदेशीर वाट तयार होते, हा धडा या पट्ट्याने शंभर वर्षांपूर्वी शिकला होता.

दुकानाविरुद्ध गाव

याच परिसरात अबकारीविरुद्धची राजकीय जाणीवही लवकर जागी झाली. सास्तूरच्याच लोहारा तालुक्यात हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा स्थापन झाली, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे व्यंकटेश खेडगीकर तिथे शिक्षक होते. १९४७ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने लढा तीव्र केला तेव्हा धान्याची लेव्ही नाकारण्याबरोबरच शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक प्रकार ठरला, कारण शिंदीचा अबकारी महसूल निजामाच्या खजिन्याचा मोठा आधार होता. झाडावर घातलेली कुऱ्हाड थेट राज्याच्या उत्पन्नावर पडत होती. सरकार व्यसनावर जगते आणि गाव त्या व्यसनाची किंमत मोजते, ही भावना या चळवळीच्या मुळाशी होती, आणि स्वतंत्र भारताच्या दारूबंदी धोरणाला मराठवाड्यात नैतिक बळ मिळाले ते याच भावनेतून.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. मुंबई राज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होता आणि त्यात दारूबरोबर मादक द्रव्येही बंदीच्या कक्षेत होती. १९५९ मध्ये कायदा करून हीच बंदी मराठवाडा व विदर्भालाही लागू केली गेली. हैदराबाद राज्याच्या अबकारी कायद्यांची जागा अशा रीतीने बंदीच्या कायद्याने घेतली आणि या भागातल्या परवान्याच्या गांज्याचा काळ मागे पडला.

देशपातळीवर हा काळ आणखी काही वर्षे चालला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारात वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीज गांज्याचा वापर बंद करण्याची अट होती, परंतु जिथे तो परंपरेने चालत होता त्या देशांना, करार अमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ मध्ये संपणार होती. त्याआधीच संसदेने १९८५ चा अमली पदार्थ व मनोविकारी पदार्थ कायदा संमत केला आणि तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. या विधेयकाचा प्रवास ऑगस्टच्या उत्तरार्धात लोकसभेत सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्याला राष्ट्रपतींच्या मंजुरीने संपला. १८९३-९४ मध्ये सत्तर प्रश्न विचारून आणि १,१९३ साक्षी घेऊन जे धोरण ठरले होते, ते काही आठवड्यांत उलटले.

या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, मात्र फुलोरा सोबत नसलेली पाने व बिया यांना गांज्याच्या व्याख्येबाहेर ठेवले. म्हणूनच भांग या केंद्रीय कायद्यातून सुटली, तिचे नियंत्रण राज्यांकडे राहिले, आणि उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश यांसारख्या राज्यांत सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आजही चालतात. जुन्या गांजा-दुकानाचे भारतात उरलेले जवळचे नातेवाईक म्हणजे ही दुकाने. कायद्यातील २००१ च्या दुरुस्तीनंतर मालाच्या प्रमाणावर शिक्षा ठरू लागली. गांज्याच्या बाबतीत एक किलोहून कमी ते अल्प आणि वीस किलोहून अधिक ते व्यापारी प्रमाण मानले जाते, आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. झाडाची लागवडही दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

अडीच तोळ्यांचे नवे माप

भारताने दुकान बंद केल्यानंतर तीन दशकांच्या आत जगाचा काही भाग उलट दिशेने निघाला. उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा केला व जुलै २०१७ पासून नोंदणी केलेल्या प्रौढांना औषधालयांतून विक्री सुरू झाली. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ रोजी एकवीस वर्षांवरील प्रौढांसाठी दुकाने उघडली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशव्यापी कायदा लागू झाला आणि प्रौढाला सार्वजनिक ठिकाणी तीस ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येऊ लागला. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सी राज्यात एप्रिल २०२२ मध्ये प्रौढांसाठी विक्री सुरू झाली व एका वेळच्या खरेदीची मर्यादा एक औंस ठेवली गेली. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम हे लक्षात घेता, तीस ग्रॅम म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडे अधिक आणि एक औंस म्हणजे अडीच तोळ्यांहून किंचित कमी. ओटावा आणि ट्रेंटन येथील कायदेमंडळांनी ठरवलेले हे माप, जुन्या परवानेदाराच्या तराजूलाही सहज पेलले असते.

या नव्या दुकानांत काही गोष्टी खरोखर नव्या आहेत: दारातच ओळखपत्राची तपासणी, बंद पाकिटावर मादक घटकांचे प्रमाण छापण्याची सक्ती आणि मालाची प्रयोगशाळेत चाचणी. पण मूळ ताण जुनाच आहे. विक्रीवरील कर राज्याला हवा असतो, कंपनीला खप हवा असतो, आणि जास्त घेणाऱ्या थोड्या गिऱ्हाइकांवर धंद्याचा मोठा भाग चालतो. मक्तेदाराचा जो पेच पुणे आणि नगरच्या लिलावात होता, तोच वेगळ्या वेशात तिथेही हजर आहे. परदेशातील मराठी कुटुंबांसाठी त्यात आणखी एक गुंता आहे: अमेरिकेत राज्याचा कायदा परवानगी देत असला, तरी संघराज्याचा कायदा गांज्याला बेकायदेशीरच मानतो, आणि २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केले की राज्यात कायदेशीर असलेला गांज्याचा व्यवहारही परदेशी व्यक्तीच्या नागरिकत्वाच्या अर्जाला बाधक ठरू शकतो. दोन राजवटींच्या सीमेवर उभ्या असलेल्या नळदुर्गच्या माणसाची अवस्था यापेक्षा फार निराळी नव्हती.

सास्तूरचा हिशेब

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेरणेच्या खोऱ्यात झालेल्या भूकंपाने किल्लारीबरोबर सास्तूरही उद्ध्वस्त केले. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली, हजारो माणसे गाडली गेली, आणि पुनर्वसनात गावांची मांडणीच बदलली. पार, पेठ आणि चावडी यांच्याभोवती जी तोंडी आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तिचा आधार अशा वेळी नाहीसा होतो. निजामी काळातील छोट्या धंद्यांचा इतिहास या मुलखात म्हणून दोनदा पुसला गेला, एकदा सत्तांतराने आणि एकदा भूकंपाने. त्याचा कागदी भाग उर्दूतील महसुली दप्तरांत आणि हैदराबादच्या अभिलेखागारांत आहे, आणि मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्या मराठी अभ्यासकांनी त्याकडे वळावे, ही या प्रदेशाच्या इतिहासाची तातडीची गरज आहे. भूकंपानंतर सास्तूरमध्ये उभे राहिलेले स्पर्श रुग्णालय ग्रामीण आरोग्यसेवेचे एक सन्मान्य केंद्र झाले आहे. ज्या परिसराच्या अबकारी राजवटीने माणसाला गिऱ्हाईक म्हणून मोजले, त्याच परिसरात आज त्याला रुग्ण म्हणून मोजणारी संस्था आहे, हा फरक इतिहासाच्या अभ्यासकाने नीट पाहिला पाहिजे.

आज त्याच हैदराबाद-सोलापूर महामार्गावर आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगराळ भागातून येणारा गांजा पकडल्याच्या बातम्या येतात. बंदी आली तरी वाट राहिली, कारण किमतीतला फरक राहिला; परवाना होता तेव्हाही ती वाट होतीच. परवान्याच्या काळात गावाला खजिन्याची सोय पाहणारे सरकार मिळाले आणि बंदीच्या काळात शिक्षेची सोय पाहणारे. दोन्ही काळांत पिकवणारा शेतमजूर, वाहून नेणारा गरीब पोरगा आणि ओढणारा गांजेकस यांच्याविषयी प्रश्न विचारून धोरण ठरवण्याचा प्रयत्न एकदाच झाला, आणि तोही परक्या सरकारच्या आयोगाने केला. पुढे कधी भारतात या झाडाविषयीचा कायदा पुन्हा विचारात घेतला गेला, तर तो दुकान उघडण्याच्या बाजूने असो वा बंद ठेवण्याच्या बाजूने, त्याची सुरुवात त्या सत्तर प्रश्नांसारख्या प्रश्नांनी व्हावी. त्या यादीत एक प्रश्न नव्याने घातला पाहिजे, तो म्हणजे या व्यवहारातून येणारा किंवा वाचणारा प्रत्येक रुपया व्यसनात अडकलेल्या माणसाच्या उपचारापर्यंत किती पोचेल. निजामाच्या गुत्त्यात आणि इंग्रजांच्या मक्त्यात हा प्रश्न कधी विचारला गेला नाही, म्हणून त्या दोन्ही व्यवस्थांचे हिशेब कागदावर जुळले आणि गावात जुळले नाहीत.